घर बदललं, पण पत्ता कळवला का? ग्रीन कार्डधारकांसाठी दहा दिवसांच्या नियमाविषयी

गेल्या वर्षी एका शनिवारी संध्याकाळी आम्हाला फोन आला. फोन करणारा तरुण मूळचा विदर्भातला, अमेरिकेत येऊन दहा-बारा वर्षे झालेली, ग्रीन कार्ड मिळूनही पाच वर्षे उलटलेली. नागरिकत्वाचा अर्ज त्याने ऑनलाइन भरला होता. त्याची ७१० डॉलर फीही दिली होती. अर्ज भरल्यानंतर महिन्याभरात नोकरी बदलली आणि तो बायको-मुलांसह न्यू जर्सीहून टेक्सासला गेला. तिकडे सात-आठ महिने वाट पाहून शेवटी त्याने आपल्या ऑनलाइन खात्यात डोकावून पाहिले, तर अर्ज फेटाळलेला. बोटांचे ठसे देण्यासाठी बोलावणे आले होते, तो गेला नाही, म्हणून अर्ज सोडून दिला असे धरण्यात आले होते. ते बोलावणे जुन्या पत्त्यावर गेले होते. अर्ज फेटाळल्याचे पत्रही जुन्याच पत्त्यावर गेले होते.

"दादा, पोस्टात तर मी पत्ता बदलला होता. बँकेची, विम्याची सगळी पत्रं नव्या घरी येतात," तो म्हणत होता.

गोम तिथेच आहे. न्यू जर्सीत आम्ही काही जण सुटीच्या दिवशी समाजबांधवांना फॉर्म भरायला, पत्रे वाचून समजावून सांगायला मदत करतो. आम्ही वकील नाही. पण या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. शिकलेली, संगणकावर रोज दहा तास काम करणारी आपली मुले व्हिसाच्या तारखा तोंडपाठ ठेवतात, आणि घर बदलल्यावर सरकारला कळवायचे असते हे त्यांना ठाऊकच नसते. म्हणून हा लेख. जे तिकडे आहेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांचे भाऊ, बहीण, मित्र तिकडे आहेत त्यांच्यासाठीही. कारण असा सल्ला बहुतेक वेळा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरूनच पोहोचतो.

नियम साधा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, नागरिक नसलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने राहते घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत नवा पत्ता सरकारला कळवायचा असतो. राजनैतिक व्हिसावर आलेले आणि असे मोजके अपवाद सोडले, तर हा नियम सगळ्यांना लागू आहे. ग्रीन कार्ड मिळाले म्हणजे यातून सुटका झाली, हा समज चुकीचा आहे. कायम रहिवासी हा कायद्याच्या नजरेत परदेशी नागरिकच असतो. नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत हे बंधन राहते. पत्ता कळवण्याच्या फॉर्मला एआर-११ म्हणतात. त्याला फी नाही. एक डॉलरही नाही. 'पत्ता बदलून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर आमच्या ओळखीतल्या दोघांनी पैसे घालवले आहेत.

हा नियम काही आजचा नाही. १९४० साली, दुसरे महायुद्ध सुरू असताना, अमेरिकेने परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा कायदा केला. पुढे अनेक वर्षे प्रत्येक परदेशी नागरिकाला दर जानेवारीत आपला पत्ता कळवावा लागे, घर बदललेले असो वा नसो. ती वार्षिक हजेरी १९८१ मध्ये बंद झाली, पण घर बदलल्यावर १० दिवसांत कळवण्याचे बंधन कायम राहिले. तरीही कित्येक वर्षे त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००२ च्या जुलैत, तेव्हाचे अॅटर्नी जनरल जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी हा नियम काटेकोर राबवण्याची घोषणा केली आणि घाबरलेल्या लोकांचे फॉर्म ढिगाने येऊ लागले. त्या काळी इमिग्रेशन खात्याची लाखो कागदपत्रे कॅन्सस सिटीजवळच्या एका भूमिगत गोदामात खोक्यांत पडून असल्याचे उघड झाले. त्यात पत्ताबदलाचे फॉर्मही होते. म्हणजे लोकांनी कळवले होते, सरकारने वाचले नव्हते. फॉर्म भरल्याचा पुरावा स्वतःजवळ ठेवा, असे आम्ही प्रत्येकाला का बजावतो ते यावरून कळावे.

आता शिक्षेविषयी. पत्ता न कळवणे हा किरकोळ का होईना, पण फौजदारी गुन्हा आहे. मूळ कलमात २०० डॉलरपर्यंत दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद लिहिलेली आहे. नंतरच्या सर्वसाधारण दंडवाढीच्या कायद्यामुळे हा दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, पत्ता न कळवणारा माणूस देशाबाहेर काढला जाण्यास पात्र ठरू शकतो. चूक जाणूनबुजून केलेली नव्हती किंवा तिला रास्त कारण होते, हे त्याने स्वतः सिद्ध करायचे असते. केवळ एवढ्या कारणावरून कोणाला हाकलल्याची उदाहरणे आजवर विरळच आहेत, उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. पण २०२५ च्या जानेवारीत नव्या प्रशासनाने परदेशी नागरिकांच्या नोंदणीचा जुना कायदा कडकपणे राबवण्याचे आदेश दिले आणि ११ एप्रिल २०२५ पासून त्यासंबंधीचा नवा नियम लागू झाला. ग्रीन कार्डधारकांची नोंदणी आधीच झालेली असते, त्यांना नव्याने नोंदणी करावी लागत नाही. पत्ता कळवण्याचे आणि १८ वर्षांवरील व्यक्तीने कार्ड सतत जवळ बाळगण्याचे बंधन मात्र त्यांना आहेच. जो नियम अनेक वर्षे कपाटात पडून होता, तो कधी बाहेर काढला जाईल हे आपल्या हातात नसते. १० दिवसांत फॉर्म भरणे आपल्या हातात असते.

खरे नुकसान दंडाने होत नाही, न पोहोचलेल्या पत्राने होते. इमिग्रेशनचे काम पाहणारी संस्था, यूएससीआयएस, आजही महत्त्वाच्या गोष्टी टपालाने पाठवते. ठशांची तारीख, मुलाखतीची तारीख, 'आणखी पुरावे द्या' अशी पत्रे आणि कार्ड स्वतः. पोस्टात पत्ता बदलला की बाकीचे टपाल नव्या घरी येते, पण यूएससीआयएसची पत्रे पोस्ट पुढे पाठवत नाही, असे ती संस्थाच सांगते. आपल्या विदर्भातल्या मित्राचे हेच झाले. कार्ड हरवले तर नव्या कार्डाचा अर्ज करावा लागतो आणि त्याची फी आज ऑनलाइन ४१५ डॉलर आहे. आणि ज्यांचे प्रकरण इमिग्रेशन कोर्टात आहे त्यांची गोष्ट तर पूर्ण वेगळी. त्यांनी कोर्टाचा स्वतंत्र फॉर्म, ईओआयआर-३३, पत्ता बदलल्यापासून ५ कामाच्या दिवसांत भरायचा असतो. एआर-११ भरला म्हणजे कोर्टाला कळले असे होत नाही. तारखेची नोटीस शेवटच्या कळवलेल्या पत्त्यावर जाते, आणि माणूस तारखेला हजर नसेल तर न्यायाधीश त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश देऊ शकतात.

फॉर्म कसा भरायचा, हे सांगायला फार लागत नाही. यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडायचे आणि पत्ता बदलण्याचा पर्याय निवडायचा. ग्रीन कार्डावर जो 'ए' नंबर असतो तो लागतो. एखादा अर्ज प्रलंबित असेल तर त्याच्या पावतीवरचा क्रमांकही लागतो, तीन अक्षरे आणि दहा आकडे असलेला. तो टाकायला विसरू नका. ऑनलाइन भरण्याचा मोठा फायदा हाच की, एकाच वेळी एआर-११ ची अटही पूर्ण होते आणि प्रलंबित अर्जावरचा पत्ताही बदलतो. कागदी फॉर्म टपालाने पाठवला तर प्रलंबित अर्जावरचा पत्ता आपोआप बदलत नाही. शेवटी जी पोच दिसते तिची प्रत जपून ठेवा, छापूनही ठेवा. नवे कार्ड मागवायची गरज नाही. ग्रीन कार्डावर पत्ता छापलेलाच नसतो.

दोन-तीन ठिकाणी लोक हमखास चुकतात. पहिली चूक म्हणजे घरातल्या एकाने फॉर्म भरला की सगळ्यांचे झाले असे मानणे. आपल्याकडे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुखाचे नाव असते आणि बाकीचे त्याखाली येतात, त्या सवयीने हे होत असावे. इथे प्रत्येकाची नोंद वेगळी. नवरा, बायको, दोन मुले असतील तर चार फॉर्म. दुसरी चूक अपार्टमेंटचा क्रमांक न लिहिण्याची. चाळीस घरांच्या इमारतीत क्रमांकाशिवाय आलेले पत्र परत जाते. चार मित्र मिळून राहत असतील तर पत्रपेटीवर चौघांची नावे चिकटवा, नाहीतर टपालवाला 'या नावाचे इथे कोणी नाही' म्हणून पाकीट परत पाठवू शकतो. तिसरी गोष्ट राहता पत्ता आणि टपालाचा पत्ता यांतल्या फरकाची. फॉर्मवर दोन्हींसाठी वेगळी जागा आहे. पत्रे भरवशाच्या नातेवाइकाकडे यावीत असे वाटत असेल तर तो पत्ता टपालासाठी द्या, पण राहता पत्ता खराच द्यायचा.

या तिसऱ्या गोष्टीवर जरा थांबू. 'काकांचा पत्ता दिलाय, तोच राहू दे' असे आपली मुले सहज म्हणतात. समाजशास्त्र शिकताना आम्ही वस्त्यांविषयी पुष्कळ वाचले, पण त्याआधीच ते जगलो होतो. आपल्याकडे पत्ता हा नुसता पत्ता कधीच नव्हता. भाड्याने खोली शोधताना नागपुरात 'इंदोरा' म्हटले किंवा मुंबईत 'रमाबाई नगर' म्हटले की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. गावात तर वाड्याचे नावच जात सांगायचे. अशी जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र मंत्रिमंडळाने घेतला तो २०२० च्या डिसेंबरात. खुद्द बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत उतरावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावामुळे ती जागा सोडावी लागली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी ते लिहून ठेवले आहे. ज्या समाजाला खरा पत्ता सांगण्याची किंमत मोजावी लागली, त्याला पत्ता झाकायची सवय लागली तर नवल नाही. आम्ही त्या सवयीला नावे ठेवत नाही. पण अमेरिकेच्या या फॉर्मवर कोणी जात विचारत नाही, भाडेकरारही मागत नाही. तिथे खोटा पत्ता आपले रक्षण करत नाही, उलट आपल्याविरुद्ध पुरावा होतो. नागरिकत्वाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते तारखांसह लिहावे लागतात. तुम्ही चार घरे बदललेली आणि सरकारी नोंदीत एकच पत्ता, असे दिसले तर मुलाखतीत प्रश्न येऊ शकतो.

'पण सध्याच्या वातावरणात पत्ता सांगितला तर घरी नाही ना येणार?' हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत आम्हाला फार ऐकू येतो. आमचे प्रामाणिक मत असे. ज्याच्याकडे वैध ग्रीन कार्ड आहे, कोर्टाचे किंवा पोलिसांचे काही प्रकरण नाही, त्याने न कळवून काहीच मिळत नाही. सरकारकडे त्याची माहिती आधीपासून आहे. न कळवल्याने फक्त एक नवी चूक नावावर लागते. ज्याच्यावर कधी अटक, खटला, हद्दपारीचा आदेश असे काही झाले आहे, किंवा ज्याची कागदपत्रे संपली आहेत, त्याने मात्र आमच्यासारख्या कार्यकर्त्याच्या किंवा मित्राच्या सल्ल्यावर विसंबू नये. आधी इमिग्रेशन वकिलाकडे जावे, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी असलेल्या एखाद्या सेवाभावी संस्थेत. अशा ठिकाणी बरेचदा कमी पैशांत काम होते.

एका वेगळ्या परिस्थितीविषयी लिहायलाच हवे, कारण त्यावर आपल्यात उघड बोलले जात नाही. लग्न होऊन दोन वर्षे पूर्ण व्हायच्या आत नवऱ्यामुळे ग्रीन कार्ड मिळाले तर ते फक्त दोन वर्षांचे, सशर्त असते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत शर्त काढून टाकण्याचा अर्ज करायचा असतो. आता समजा, छळाला कंटाळून त्या बहिणीने घर सोडले आणि ती मैत्रिणीकडे राहायला गेली. तिची सगळी सरकारी पत्रे नवऱ्याच्या दारात पडत राहतात. मुलाखतीचे पत्र तिला मिळाले नाही, ती गेली नाही, तर तिचे कायम रहिवासाचे स्थानच जाऊ शकते. अशा वेळी तिने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवर नवे खाते उघडावे. जुने खाते बहुधा नवऱ्याने काढून दिलेले असते आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक असतो. छळ झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या स्त्रीला हा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवाय एकटीने करता येतो. आणि हिंसाचारग्रस्त म्हणून संरक्षणाचा अर्ज केला असेल तर तिची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा आहे, पत्ता बदलण्याची पद्धतही वेगळी आहे. तिथे नेहमीच्या वाटेने जाऊ नये, वकिलाला विचारूनच करावे. टपालासाठी सुरक्षित असा दुसरा पत्ता देता येतो. असे कोणी तुमच्या ओळखीत असेल तर 'जुळवून घे' म्हणण्याआधी तिची पत्रे कुठे येतात ते विचारा.

इमिग्रेशनच्या बाहेरही पत्ता बदलावा लागतो आणि तिथे एक मोठा खड्डा आहे. गाडीच्या परवान्यावरचा पत्ता राज्याच्या नियमाप्रमाणे बदलायचा. न्यू जर्सीत एका आठवड्यात, कॅलिफोर्नियात १० दिवसांत. त्या कार्यालयात फॉर्म भरताना 'मतदार म्हणून नोंदणी करायची आहे का?' असे विचारतात, कारण १९९३ च्या एका राष्ट्रीय कायद्याने परवाना आणि मतदार नोंदणी एकत्र जोडली आहे. आपल्या माणसाला मताधिकाराचे मोल कोणी शिकवायला नको. ज्या हक्कासाठी बाबासाहेब साऊथबरो समितीपासून झगडले, तो हक्क समोर आला की हात आपोआप 'हो' वर जातो. पण ग्रीन कार्डधारकाला संघराज्याच्या निवडणुकांत मत देता येत नाही. तिथे 'मी अमेरिकन नागरिक आहे' या चौकोनात खूण करणे म्हणजे नागरिकत्वाचा खोटा दावा, आणि त्याची शिक्षा पत्ता न कळवण्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. माणूस हद्दपारीला पात्र ठरतो आणि परतीची दारेही जवळजवळ बंद होतात. 'कारकुनाने विचारले, मी हो म्हणालो' हे उत्तर सहसा कामी येत नाही. म्हणून त्या खिडकीवर नीट वाचून 'नाही' म्हणा, आणि बाहेर पडण्याआधी छापील कागद पुन्हा तपासा.

ज्यांनी नातेवाइकासाठी आर्थिक हमीपत्र, म्हणजे आय-८६४, दिले आहे, त्यांच्यावर आणखी एक जबाबदारी असते. हमीदाराने घर बदलले तर त्याने ३० दिवसांत आय-८६५ हा फॉर्म द्यायचा. तो नागरिक झालेला असला तरी. न दिल्यास २५० ते २,००० डॉलर दंड होऊ शकतो. आई-वडिलांना बोलावून घेतलेल्यांना हे सहसा माहीत नसते. विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला १० दिवसांत कळवायचे, पुढचे ते कार्यालय पाहते. आणि सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये, म्हणजे लष्करी सेवेच्या यादीत, नाव असलेल्या तरुणांनी २६ वर्षांचे होईपर्यंत तिथेही पत्ता कळवत राहायचा.

दहा दिवस उलटून गेले असतील तर काय? दोन वर्षे उलटली असतील तर? आजच भरा. उशिरा भरलेला फॉर्म आधीची चूक पुसत नाही, पण ती जाणूनबुजून केलेली नव्हती हे दाखवायला मदत करतो. मधली दोन घरे राहून गेली असतील तर त्यांचे पत्ते आणि राहिल्याच्या तारखा आपल्या वहीत लिहून ठेवा, भाडेकरार आणि विजेची बिले टाकून देऊ नका. नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी हीच वही उपयोगी पडते.

आमच्या मित्राने पुन्हा अर्ज केला, पुन्हा ७१० डॉलर भरून. त्याआधीच्या रविवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसलो आणि त्याच्या घरातल्या तिघांचे एआर-११ एकामागून एक भरले. धाकटी मुलगी इथेच जन्मलेली, जन्माने नागरिक, तिला फॉर्मची गरज नव्हती. पूर्ण कामाला पाऊण तास लागला, त्यातली वीस मिनिटे बायकोचा 'ए' नंबर शोधण्यात गेली. तिचे कार्ड अजून जुन्या सामानाच्या खोक्यात होते.